मोठीमाय फोटोला बसली तेव्हा

माझी थोरली चुलती उभ्या उभ्या झोपायची. आम्ही तिला मोठीमाय म्हणायचो. आंघोळीचं पाणी तापत ठेवलं की ती खांबाला डोकं टेकायची आणि तेवढ्यात डोळा लावून घ्यायची. आई म्हणायची, "बाई, जरा बसा की." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "बसलं की समदं आंग दुखायलंय गं. चालतंय तवर चालू दे."

निजामाच्या अमलाचे ते शेवटचे दिवस. आमच्या वालूर गावात रोज नवी अफवा यायची. लोक बायकामुलांना सरहद्दीपलीकडच्या पाहुण्यांकडे पाठवू लागले होते. आमचंही जायचं ठरलं. घर पांगण्याआधी सगळ्यांचा एक फोटो असावा, असं आबांच्या, म्हणजे आजोबांच्या मनात आलं. त्यांनी परभणीहून फोटोवाला बोलावला.

त्याने बैठकीत पडदा बांधला, आबांना खुर्चीत बसवलं, मागे काका आणि माझे वडील उभे केले. मोठीमाय पहाटेपासून वाटेसाठी दशम्या करत होती. ती पिठाचे हात पुसत आली. "माजं काय, मी हायच की घरात. माज्याबिगर काढा." आबांनी ऐकलं नाही. तिला सतरंजीवर बसवून वर्षाची शकू, तिची लेक, मांडीवर दिली.

"कोई हिलो मत," म्हणत फोटोवाला काळ्या कापडाखाली शिरला. तेव्हा फोटो काचेवर निघायचा; पहिल्या काचेवर शकू हलली. दुसरी काच शेवटची होती. ती झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मालक, बाई सो गई."

आबा संतापले. "मेल्या मानसावानी डोळे मिटले." मोठीमाय दचकून जागी झाली, ओशाळली आणि चुलीकडे गेली.

पाहुण्यांच्या गावीही चूल तिच्याकडेच आली. अंगात ताप घेऊन ती भाकरी थापत होती, हे तिचा हात लागला तेव्हा आईला कळलं. वालूरला आम्ही परतलो ते तिच्याशिवाय.

फोटो बैठकीत लागला. शकू मोठी झाल्यावर तिने एकदा काकांना, म्हणजे तिच्या वडिलांना, विचारलं, "दादा, मायचे डोळे कसे होते?"

थोरांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचंही नाही, असं आमचं घर. काकांनी फोटोकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तुज्या काकूला इचार. त्या दोघी चुलीपाशी असायच्या."

शकू माझ्या आईकडे गेली. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "घारे होते. लय घारे. पन धुरानं कायम लाल."