नदीची ओटी

आपल्या गावच्या नदीचं पाणी तुम्ही शेवटचं कधी प्यायलात?

परवा घाटावर एक सासू गरोदर सुनेला घेऊन नदीची ओटी भरायला आली होती. पाण्यावर फेस होता, आणि वास असा की सुनेनं नाकाला पदर लावला.

"पदर काढ गं. नदीला काय वाटेल?"

"तिला सवय झाली असेल, आई. मला नाही झाली."

तरी तिनं पदर काढला. खण-नारळानं ओटी भरली. रीतीप्रमाणे एक घोट घ्यायचा असतो, म्हणून डोळे मिटून ओंजळ तोंडाशी नेली. तेव्हा सासूनंच तिचा हात धरला.

"राहू दे. पोटात बाळ आहे."

मग नदीकडे न बघताच सासूनं हात जोडले.

आपण नदीला देवी केलं आणि सुटलो. देवीला नुसता नमस्कार पुरतो. कारखान्याची मळी, आपल्याच मोऱ्यांची घाण तिच्यात सोडताना आपला हात मात्र कुणी धरला नाही.

येत्या ग्रामसभेला जा. गावाचा नाला नदीत का सोडलाय, एवढंच उभं राहून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.