घरच्या वायरमनचं कोटेशन

आमच्या भावकीत एक वायरमन आहे. भावकी नसती तर त्याला दुसऱ्यांदा कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं असतं, असं मला वाटत नाही. पण वडगाव रासाईच्या आसपास नदीकाठानं ज्या वस्त्या आहेत, तिथल्या निम्म्याहून जास्त घरांची लाइट फिटिंग त्याच्या हातची. भाव सांगायची त्याची एक रीत आहे. आधी चहा घ्यायचा. मग मान वर करून भिंतींकडं बघायचं, जसं काही मंदिराचा कळस बघतोय. मग म्हणायचं, "तुमाला मी काय भाव सांगणार? घरचंच काम हाय. झाल्यावर द्या मनाला यील ते."

एवढं ऐकलं की आमचे बाप्ये खूश. आपल्याला किती मान आहे, असं त्यांना वाटतं. काम झाल्यावर मनाला येईल ते दिलं की वायरमनचं तोंड उतरतं, मग कुणीतरी मध्ये पडतं, मग आणखी द्यावं लागतं, ते वेगळं. शिवाय बोर्ड तिरका बसला, पंखा खडखडला, तरी बोलायची सोय नाही. त्यानं उपकार केलेले असतात ना.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. रांजणगावच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. माझं कामच कोटेशन वाचायचं. कंपनीत साधा झाडू घ्यायचा तरी कुणी 'मनाला येईल ते द्या' म्हणत नाही. म्हणेल त्याला गेटवरूनच परत पाठवतात.

घरची फिटिंग बदलायचं निघालं ते आईमुळं. माझ्या पगारातून कपडे धुवायचं मशीन घेतलं होतं. न्हाणीघराबाहेर ओल्या फरशीवर ते ठेवलेलं. मशीनला हात लावला की आईला मुंग्या यायच्या, म्हणून ती खाली लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहायची. हे तिनं शोधून काढलेलं नव्हतं. आमच्याकडच्या वस्त्यांवर सगळ्याच बायका पाटावर उभ्या राहून मशीन लावतात. मशीन घेताना दुकानदार पाइप देतो, कव्हर देतो. पाट आपापला आणायचा. नव्या सुनेला मशीन दाखवताना सासू आधी पाट दाखवते. वायरमनला याबद्दल विचारलं की तो सांगायचा, "मशीन म्हटल्यावर थोडं असायचंच."

गावात एकाही पुरुषाला मुंग्या येत नव्हत्या. याचं कारण सोपं होतं. एकही पुरुष मशीनला हात लावत नव्हता.

मग एका रविवारी आई भाकरी डाव्या हातानं उलटताना दिसली. विचारलं तर म्हणाली, उजवा हात जरा जड झालाय. खोदून विचारल्यावर कळलं, सकाळी पाट सरकला, ओला पाय फरशीवर पडला आणि चांगला झटका बसला. बादलीसकट बसली खाली. घरात कुणाला बोलली नाही, कारण कपडे राहिले होते.

वडील म्हणाले, बघू. आमच्याकडं 'बघू' म्हणजे आप्पांना विचारू. आप्पा म्हणजे वडलांचे थोरले भाऊ. सोसायटीच्या निवडणुकीपासून म्हशीच्या पान्ह्यापर्यंत सगळ्यात त्यांचा शब्द शेवटचा. ते दुसऱ्या दिवशी वायरमनला घेऊनच आले. चहा झाला, भिंती बघून झाल्या, 'मनाला यील ते' झालं. मी म्हटलं, लिहून द्या. कोणती वायर, किती जाडीची, काय काय करणार, सगळं.

ओसरीवरचे सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जशी काही मी शिवीच दिली.

"आपल्या माणसाकडून लिहून घेतीस व्हय?" आप्पा म्हणाले. "ही काय कंपनी हाय का?"

"कंपनी असती तर आईला शॉक बसला नसता, आप्पा."

वडील 'असू दे, असू दे' करायला लागले. वायरमननं मात्र लिहून दिलं, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं. वायर, 'चांगली'. जाडी, 'जाड'. बटणं, 'भारीतली'. पोराच्या लग्नाची स्थळं सांगताना मुलीबद्दल बोलतात तसं सगळं. आणि अर्थिंगचा पत्ताच नाही. ज्याच्यासाठी एवढा घाट घातला, तेवढंच नेमकं नाही.

मी विचारलं, अर्थिंग कुठंय? तो हसला. "हाय की ताई. आतून न्यूट्रललाच जोडलेली असती. सगळ्या गावात तशीच हाय."

म्हणजे जमिनीत जायची ती वायर त्यानं जमिनीत नेलीच नव्हती. खड्डा खणायचा कंटाळा. आतल्या आत दुसऱ्या वायरीला गाठ मारून मोकळा. त्या दुसऱ्या वायरीतला थोडा करंट एरवीही पत्र्यात उतरणार, आणि ती कधी तुटली तर सगळा करंट मशीनच्या पत्र्यात. गावभर त्यानं हेच करून ठेवलेलं आणि गावभर बायका पाट घेऊन उभ्या.

मी मशीन चालू केलं आणि म्हटलं, मग लावा हात.

आप्पाही उठून आले. वायरमन न्हाणीघराशी गेला, चपला बाहेर काढलेल्या होत्या. हात पुढं केला आणि त्याआधी पायानं पाट ओढून घेतला. सवयीनं. त्याच्या लक्षातही आलं नाही.

"पाट कशाला?" आई म्हणाली. सगळ्या प्रकरणात ती तेवढंच बोलली.

त्यानं पाय मागं घेतला, हात मागं घेतला, आणि टेस्टर गाडीत राहिलाय म्हणाला. तो टेस्टर आणायला गेला तो गेलाच. आप्पा बराच वेळ मशीनकडं बघत होते, पण त्यांनीही हात लावला नाही.

पुढचं काम दौंडच्या माणसाला दिलं. तो काही देवमाणूस नव्हता. सांगितलेल्या दिवशी आला नाही, आला तेव्हा अखंड स्वतःचीच तारीफ. पण कोटेशनमध्ये वायरीची जाडी होती, करंट गळाला तर आपोआप पडणारं बटण होतं, आणि अर्थिंगचा खड्डा किती खोल तेही होतं. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. केडगाव स्टेशनजवळ त्यानं काम केलेल्या दोन घरांत जाऊन आले. बाप्यांना काही विचारलं नाही. सरळ आत जाऊन बायकांना विचारलं, मशीनला अनवाणी हात लावता का? दोघींनी लावून दाखवला.

खड्डा खणताना आप्पा आमच्याकडं फिरकले नाहीत. घरचा माणूस सोडून परका आणला, असं ते पारावर बोलत होते म्हणे. बोलू देत. काम झाल्यावर आईनं ओल्या फरशीवर उभं राहून चालू मशीनवर दोन्ही हात ठेवले, जरा थांबली, आणि पाट उचलून स्वयंपाकघरात नेला.

चारेक दिवसांनी, आप्पा उसात असताना, आमची चुलती, म्हणजे आप्पांची बायको, आली. काही न बोलता थेट मशीनपाशी गेली, चप्पल काढली, हात ठेवला. खूप वेळ ठेवला.

"कायच न्हाई गं," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "त्या दौंडच्याला आमच्याकडं कवा पाठवतीस? ह्यांना नको सांगू."

मी म्हटलं, पाठवते, पण कोटेशन आप्पांच्याच हातात देणार. आणि ते वाचायच्या आधी आप्पांना तुमच्या मशीनला हात लावायला सांगा. पाट तेवढा लपवून ठेवा.