पापड सगळीकडनं भाजला पायजे

दुरुस्तीच्या दुकानात मानसं बिघडल्याली वस्तू ठिवून जात्यात, बरी झाली की घिऊन जात्यात. गोष्टी मातूर तितंच टाकून जात्यात! पलूसच्या आमच्या दुकानात माझी खुर्ची दाराशीच. त्यामुळं सगळ्या गोष्टी माज्याच पदरात.

दुकान आमच्या मालकांचं, म्हंजी माज्या घरधन्याचं. त्यांचं हात कापाया लागलं, ल्योक प्रकाश मिलिटरीत. सून सुनंदा म्हनली, "मामा, मी बघते की." सुनंदानं मालकांच्या शेजारी बसून समदं बघितल्यालं. तिचा जीवच दुकानात.

मालक म्हनलं, "बघ. पन एक जरी शेगडी परत आली, तर शटर खाली!"

आन त्या दिसापासनं शटर निम्मंच वर. गिऱ्हाईक वाकून आत येनार. मी म्हनलं, "आवं, पुरतं उगडा की."

"कवा बंद करावं लागंल, सांगता येत न्हाई," मालक म्हनलं!

*

लाईटीवरच्या शेगडीची कॉईल म्हंजी तारंची स्प्रिंग. मातीच्या प्लेटीत गोल खाच असती, तीत ती बसवायची. वेढं दाट पडलं की तितं लालबुंद, इरळ पडलं की काळी ठिक्कर. सुनंदानं पयल्या शेगडीत सुरवातीला कॉईल सढळ हातानं घातली, आन शेवटाला पुरंना म्हनून ताणली. वर मी भाकरी टाकली. एका अंगाला कोळसा, दुसऱ्या अंगाला पीठ!

मालकांनी भाकरी उलटी-पालटी करून बघितली. "ज्येला अर्धीच भूक हाय, त्येला इक ही शेगडी!"

सुनंदा रडली न्हाई. खाचंत सुतळी फिरवून माप घेतलं, कॉईल आदी तेवढीच सारकी ताणली, मगच बसवली. मी म्हनलं, "आता भाकरी नको, जाळीवर पापड ठिव." पापड लय चुगलखोर! कुटं जरा वेढं दाट असलं की तितंच काळा डाग दाखवतोय. तवापासनं आमच्या दुकानातनं पापड भाजल्याबिगर शेगडी भाईर जात न्हाई.

*

मग काय, दुपारच्याला दुकानात मानसंच मानसं! निम्म्यांच्या हातात शेगडीच न्हाई!

इस्लामपूरची एक बाई शेगडी न्यायला आली. पापड भाजला, चौफेर सारका फुलला. तिनं तुकडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला आन माज्याकडं वळली.

"शेगडी पास. पापड नापास! पापडखार किती घातलाय वो?"

पापड माज्या हातचं! सुनंदा टेबलाखाली स्क्रू हुडकाया लागली ती हासू जिरंस्तवर वर आलीच न्हाई.

*

आमच्या गल्लीत एक रिटायर सुभेदार हायत. त्यांनी सोताच कॉईल बसवली आन एका अंगाला लाल झाली म्हनून घिऊन आलं. शटरला डोकं आपटलं, त्यामुळं आदीच तापल्यालं.

सुनंदा म्हनली, "सुभेदारसायेब, समदं जवान गेटावरच उबं केल्यात. मागल्या अंगाला पहाऱ्यावर कोनच न्हाई."

सुभेदारांनी वाकून बघितलं. म्हनलं, "व्हय गड्या. दुश्मन मागनंच येनार!"

*

आन येक दिस खरंच शेगडी परत आली.

गिऱ्हाईक वरडतच आत शिरलं. "एकीकडं लाल, एकीकडं काळी! ही काय गॅरंटी?" मालक उठलं. जाऊन शटरच्या कडीला हात घातला. सुनंदाचं त्वांड पांढरंफटक.

तिनं प्लेट निरखली. खाचंत वाळल्यालं दूध.

"दादा, दूध उतू गेलं हुतं का?"

"गेलं हुतं. आईनं उलथन्यानं खरवडून लख्ख केलीया की!"

वेढं समदं एका कोपऱ्यात ढकलल्यालं! सुनंदानं खाच पुसली, आगपेटीच्या काडीनं एक-एक वेढा हलक्या हातानं जागंवर आनला. मग पिन लावली, जाळीवर पापड ठिवला. पापड सगळीकडनं सारका फुलला, कुटं डाग न्हाई. तवा माजा जीव भांड्यात पडला!

मालकांनी खांद्यावरच्या टावेलानं शटरची कडी पुसली. म्हनलं, "धूळ लय बसतीया हिला."

आन खुर्चीवर येऊन बसलं.

*

परवा सकाळी तीन-चार गिऱ्हाईकं थांबली हुती. मालक वाकून आत आलं. काखंत टावेलात गुंडाळल्यालं कायतरी. गिऱ्हाइकांच्या मागं गप उबं ऱ्हायलं.

सुनंदा म्हनली, "मामा, तुमी उबं का? या की फुडं."

"गिऱ्हाईक हाय मी. नंबर येऊंदे माजा."

नंबर आला. टावेल सोडला तर आमच्याच घरातली शेगडी, जिच्यावर मालक सकाळचा च्या सोता करत्यात. कॉईल नवी, पन कशी! एकीकडं गठळं, एकीकडं सरळ तार.

सुनंदानं बघितलं. कुनी बसवली, इच्यारलं न्हाई. कॉईल काढली, सुतळी फिरवली, सारकी ताणली, बसवली. पापड ठिवला.

मालकांनी भाजल्याला पापड हातात घेतला. कापत्या हातानं गोल गोल फिरवून दोनी अंगानं बघितला. मोडला, निम्मा सुनंदाला दिला, निम्मा सोता खाल्ला. शेगडी टावेलात गुंडाळली.

जाता जाता दाराशी थांबलं, शेगडी माज्या मांडीवर दिली, आन दोनी हातानं शटर पार वरपातूर ढकललं.

म्हनलं, "मानसांच्या डोस्क्याला लागतंय."