घरी असणाऱ्या बाईच्या कॅलरी

“मी कुटं काय करते बाई? घरीच असते.” डोक्यावरची लाकडांची मोळी आमच्या ओट्यावर टेकवून, पदराने मान पुसत ती हे म्हणायची. वैशाखरे गावात आमच्या मागच्याच आळीत तिचं घर. तिच्या मुलीला मी मुरबाडच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून ती मला बाई म्हणे.

मुलांनो, तुम्ही मनगटावरच्या घड्याळात रोज कॅलरी बघता. आपल्या गावात हा हिशोब पहिल्यांदा मांडला गेला तो सूड उगवायला.

तिच्या थोरल्या जावेच्या मुलाचा साखरपुडा होता. ही बसायला गेली, तेवढ्यात जाऊ भरल्या मांडवात ओरडली, “हिला दोन खुर्च्या लावा रे! एक मोडंल.” सगळे हसले. हीसुद्धा हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभी.

“बाई, तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्याकडं लगीन हाय. तवर मला बारीक व्हायचंय. आसनगावच्या लेकीनं फोनात बगून सांगितलं, दिवसाला बाराशे कॅलरी. त्यात भाकऱ्या किती बसतात?”

“अगं, तब्येतीसाठी बारीक हो. जावेसाठी कशाला?”

“तब्येतीचं मागनं बगू. आदी वयनीचं तोंड बगायचंय.”

तेव्हापासून तिने ताटावर आडवा हात धरायला सुरुवात केली. भाताचं पातेलं समोर आलं की हात आडवा. अर्धी भाकरी अशी चावायची, की दाताखाली भाकरी नसून दुसरंच कुणी असावं.

पुढे उन्हाळ्यात एकदा पाल्याचा भारा घेऊन जाताना आमच्या दारातच तिला भोवळ आली. मी साखर-मिठाचं पाणी दिलं आणि विचारलं, “लेकीने आकडा काढताना काम काय ते विचारलं असेल. तू काय सांगितलंस?”

“काय सांगनार? घरीच असते.”

“बरं, आज उठल्यापासून काय केलंस?”

विहिरीचं पाणी, गोठा, भाकऱ्या, आणि मग राबासाठी पाला नि शेण डोक्यावरून शेतात. भाताचं बी पेरण्याआधी जमिनीवर पाला-शेण पसरून भाजतात, तो राब.

“कुणाचा राब?”

“वयनीचा. आमचा झाला.”

“आणि लावणी?”

“आदी त्यांची, मग आमची. दरसाल तसंच.”

मी कागद-पेन्सिल घेतली. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला काही कॅलरी लागतात. वजन, उंची आणि वय यांवरून आधी तो आकडा काढायचा. मग त्याला कामाप्रमाणे गुणायचं: बसून असणाऱ्याला कमी, कष्ट करणाऱ्याला जास्त. येईल त्यातून थोडं वजा केलं, की वजन सावकाश उतरतं. लेकीने आईला बसून असणाऱ्यांत घातलं होतं. मी कष्ट करणाऱ्यांत घातलं. उत्तर आलं एकोणीसशे.

“येवढं खाऊनबी बारीक व्हईन?”

“सावकाश. पण होशील.”

“मग मदले सातशे कुटं जात व्हते?”

“पाण्यात, गोठ्यात. आणि जावेच्या शेतात.”

मग मी पुढे ठेवलेली भाकरी तिने ओढून घेतली. “माजा जीव वयनीच्या चिखलात, आनि जाडी मीच?”

त्या वर्षी तिने आपली लावणी आधी उरकली. मग आमच्या घरातली खुर्ची स्वतः ओट्यावर आणली आणि जावेच्या शेताकडे तोंड करून बसली. मजुरीला बाया मिळत नव्हत्या, जो तो आपापल्या शेतात. दरवर्षी बांधावर छत्री धरून सूचना देणारी जाऊ चिखल तुडवत आली.

“काय गो, येत नायस? रोपं पिवळी पडली!”

“मी कुटं काय करते वयनी? मी घरीच असते.”

आणि तिने भाकरीचा तुकडा मोडला. मोजलेलीच भाकरी, पण काय चवीने खाल्ली! खाली जाऊ वाकून लावणी करत होती आणि वर मी मुद्दाम दोनदा चहा ठेवला. तुमची आई म्हणेल, आजी मुलांना काय शिकवते. शिकवते.

लग्नापर्यंत तिची पोलकी आत घ्यावी लागली. मांडवात जावेने स्वतः खुर्ची पुसून पुढे केली. “बस गो.”

“दुसरीबी लावा रे!” ही मांडवभर ऐकू जाईल अशी ओरडली. एकीवर स्वतः बसली, दुसरीवर पर्स ठेवली. अक्षता पडेपर्यंत पर्स हलली नाही. या खेपेला कुणी हसलं नाही.

आता ती आसनगावला असते, लेकीचं बाळ सांभाळायला. मागच्या आळीतलं दार बंद. परवा जाऊ ओट्यावर आली, पावसाने निथळत. “बाई, ती कदी येनार? लावणी आली.”

तिची खुर्ची तिथेच होती. जाऊ खुर्चीकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिली.

मी तिला बस म्हटलं नाही.