तांब्यांची उतरंड

माझं अक्षर वाईट आहे, चुकाही होतील, चौथीच शिकले. काल रद्दीत सामान्यज्ञानाचं पुस्तक दिसलं आणि लातूरचे दिवस आठवले. भूकंपात गावचं घर पडल्यावर मी लातुरात क्लाससाठी आलेल्या पोरींना खोली देऊन जेवू घालायची. उशाशी तांब्यावर तांब्या रचून ठेवायची. जमीन हलली की ते पडून जाग येईल, असं आमच्याकडं सगळेच करत. पण रस्त्यानं ट्रक गेला तरी ते खणखणत पडायचे. एकदा जेवताना पोरी म्हणाल्या, "मावशी, तांबे काढा, न्हाईतर आम्ही खोली सोडतो." तांब्यांशिवाय डोळा लागत नव्हता, आणि पोरी गेल्या तर चूल बंद. तेवढ्यात देगलूरची अबोल पोर पुस्तकातून वाचू लागली. फार पूर्वी चीनच्या राजाकडं एक रांजण होता. भूकंप झाला की त्यावरच्या ड्रॅगनच्या तोंडातला गोळा खालच्या बेडकाच्या तोंडात पडायचा. मग ती म्हणाली, "राजानं ठेवला तर शास्त्र, अन् मावशीनं ठेवला तर येड?" दुसरी म्हणाली, "मग बेडूक तूच हो, तोंड उघडून झोप." सगळ्या हसल्या आणि माझं अंथरूण, तांबे त्यांनीच मागच्या खोलीत, रस्त्यापासून लांब नेले. मी लाजरी, देगलूरच्या पोरीला तूप तेवढं जास्त वाढलं. आता फार थकले आहे, पण वाटतं, तू माझी बाजू घेतलीस, हे तेव्हा तिला तोंडानं सांगायला हवं होतं.