मागच्या भिंतीतली दारं

रजनीताई घराला कुलूप लावायच्या, ओढून बघायच्या, फाटकापर्यंत जायच्या आणि परत येऊन पुन्हा ओढायच्या. त्यांचे यजमान नरहर स्कूटर चालू ठेवून उभे असायचे. "हे कुलूप चोराच्या हातानं नाही तुटायचं, तुह्याच हातानं तुटीन," असं म्हणायचे, पण गाडी कधी पुढे काढायचे नाहीत. बायकोचा जीव घाबरा आहे हे त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं होतं.

यवतमाळात सलील इंजिनियरच्या ऑफिसात त्या नकाशे काढत. आयटीआयचा कोर्स करून लागल्या तेव्हा ऑफिस सलीलच्या वडिलांचं होतं आणि नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईनं निघत. चूक झाली की अर्ध्या ब्लेडनं ती हलकेच खरवडायची, बोटानं जागा गुळगुळीत करायची आणि नवी रेघ ओढायची. रजनीताईंनी खरवडलेलं कुणाला ओळखू येत नसे. पुढे कॉम्प्युटर आला, तरी रेघ ती रेघच राहिली. संध्याकाळी जिथे ठेवली तिथेच सकाळी सापडायची. त्यांच्यासारख्या माणसाला एवढा आधार पुरत होता.

तो आधार बोंडअळीच्या वर्षी गेला. अळीनं कपाशी पोखरली, जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायचा, हंगाम सुरू झाला न झाला तोच आटोपला, आणि जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणारे नरहर घरी बसले. त्याच हिवाळ्यात सलीलनं नवं सॉफ्टवेअर आणलं आणि ते शिकवायला पुण्याहून शिकून आलेला साकेत आणला.

"काकू, ही रेघ नाही, ही भिंत आहे," साकेत सांगायचा. "स्वतः कोणत्या पातळीवर उभी आहे, डोक्यावर कोणतं छप्पर आहे, हे हिला माहीत असतं. खिडकी भिंतीत बसवली की ती त्या भिंतीची झाली. भिंत सरकली की खिडकीही सरकणार."

"आणि सरकायला नको असेल तर?"

"तर तसं बांधून ठेवायचं. कुणाला कुणाशी बांधायचं आणि कुणाला मोकळं सोडायचं, तेच तर शिकायचं आहे."

रजनीताईंनी एक खांब वीतभर सरकवून पाहिला. तुळई ताणली गेली, छप्पर मागोमाग गेलं, आणि त्यांनी उघडलाही नव्हता अशा दुसऱ्याच कागदावर मापं बदलली. त्या दिवसापासून एका ठिकाणी हात लावला की त्या सगळे कागद उघडून बघू लागल्या. सगळे घरी गेले तरी त्या बसलेल्याच.

घाटंजीला लखीरामशेठ कापसाच्या गाठींचं गोदाम बांधत होते. भाव पडलेले, माल थांबवून ठेवायला जागा हवी. गोदाम लांबलचक. पुढे दोन मोठी शटरं, आणि आग लागली तर आतल्या मजुरांना निघता यावं म्हणून मागच्या भिंतीत दोन लहान दारं. ती दारं रजनीताईंनीच बसवली होती. मग कळलं, की मागच्या गल्लीपलीकडे सरकीचं गोदाम आहे. तिकडची आग इकडे येऊ नये म्हणून मागची भिंत जाड करायचं ठरलं. साकेत सुट्टीवर होता. आहे त्या भिंतीची जाडी बदलता येते हे रजनीताईंना शिकवलेलं होतं, पण बदलताना आणखी काय काय हलेल याची त्यांना धास्ती. त्यांनी हाताच्या सवयीनं केलं. जुनी भिंत पुसली आणि जाड भिंत नव्यानं ओढली. कोपरे जुळले का, छप्पर टेकलं का, हे पुन्हा पुन्हा पाहिलं. कागदही सगळे उघडले, पण त्यांत दारं शोधली नाहीत, कारण दारांना त्यांनी हातच लावला नव्हता.

कागद घाटंजीला गेले.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी नरहर अंगणात बसून जिनिंगच्या आठवणी सांगत होते. "कापसाची आग पटकन दिसत नाही. गाठीच्या पोटात धुमसत राह्यते. दिसते तेव्हा पुढचा रस्ता बंद झालेला असतो. आमच्याकडे एकदा सगळे मागच्या दारानं पळाले, म्हणून वाचले. तुमच्या त्या गोदामाला हाये ना मागून दार?"

"आहेत की. दोन," रजनीताई म्हणाल्या. आणि म्हणता म्हणताच त्यांना आठवलं, ती भिंत आपण पुसून नव्यानं काढली होती.

सकाळी ऑफिस उघडताच त्यांनी ती भिंत पडद्यावर उघडून पाहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होती. दारांची यादी उघडली, तर यादीतही फक्त शटरं. भिंतीबरोबर दारं गेली होती आणि दारांबरोबर यादीही आपोआप कमी झाली होती. सगळे कागद एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. इतके, की दारं होती हे आपल्या मनाचेच खेळ असावेत असं त्यांना क्षणभर वाटलं. त्यांनी जुनी फाइल उघडली. तिच्यात दारं होती.

साकेतनं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकू, मी आत्ता दारं बसवून देतो. 'सुधारित' लिहून कागद पाठवून देऊ. शेठनं बदल सांगितला असेल असंच सगळे समजतील."

रजनीताईंना ते पटत आलं होतं. पण तोवर भिंत किती वर गेली असेल? हा प्रश्न एकदा मनात शिरल्यावर त्यांना खुर्चीवर बसवेना. पर्स उचलून त्यांनी घाटंजीची एसटी पकडली. वाटेत कळंबच्या चिंतामणीचं नाव घेत राहिल्या. भिंत अजून पायातच असू दे, एवढंच मागणं.

भिंत जवळजवळ छपराला भिडली होती. निजामुद्दीन मिस्त्री परांचीवरून उतरले.

"निजामुद्दीनभाई, यात दोन दारं होती."

"कागदावर तं नव्हती बाई. मले शटरच दिसले."

"काम थांबवा."

"थांबवतो. पण कोणाच्या शब्दावर? शेठ इथंच हाये."

रजनीताईंनी उभ्या उभ्या सलीलला फोन लावला. "सर, गोदामाची मागची दारं माझ्या हातून गेली. मी भिंत पुसून नवी काढली, तिच्याबरोबर गेली. इथे भिंत बांधून झाली आहे."

मग सलील म्हणाला, "काम थांबवायला सांगा. मी निघतो."

तो येईस्तोवर त्या विटांच्या ढिगाजवळ सावलीत बसून राहिल्या. शेठनं पाठवलेला चहा हातातच निवला. नोकरी गेली तर नरहरना काय सांगायचं, याची वाक्यं त्या मनात जुळवत होत्या.

सलील आला. लखीरामशेठनं सगळं ऐकून घेतलं आणि ते हसले. "झालं ते बरं झालं. मागून दार म्हणजे चोराले आवतन. राहू द्या भिंत."

सलील भिंतीकडे बघत राहिला. त्याचे खांदे सैल झालेले रजनीताईंना दिसले, आणि त्यांचेही झाले होते. नुसतं 'बरं' म्हटलं की चूक ही चूक राहणार नव्हती. कुणाचं काही तुटणार नव्हतं.

"शेठ," त्या पुढे होऊन म्हणाल्या, "पुढच्या गाठींनी पेट घेतला तर मागं काम करणाऱ्या बाया कुठून निघतील?"

"असं अभद्र कायले बोलता बाई?"

"मला रोजच असं सुचतं. रोज त्याला काहीतरी उत्तर सापडतं. याचं सापडत नाही."

शेठनं सलीलकडे पाहिलं. सलील घसा खाकरून म्हणाला, "दारं लागतील, शेठ. त्याशिवाय मी सही करणार नाही. तोडायचा खर्च आमच्याकडे लागला."

दुसऱ्या दिवसापासून निजामुद्दीन मिस्त्रींनी भिंत दोन ठिकाणी फोडली. लोखंडी दारं बसली, आतून अडसर लावायची. शेठ त्यानंतर रजनीताईंशी बोलले नाहीत.

नोकरी गेली नाही. सलीलनं एवढंच सांगितलं, की यापुढे ताईंचं काम साकेत तपासेल आणि साकेतचं ताई. साकेतला वाटलं, काकूंना अपमान वाटेल. त्यांना तर आपलं अर्धं ओझं कुणीतरी उचलल्यासारखं वाटलं. भिंतीची जाडी पुसल्याशिवाय कशी बदलायची, हे त्या त्याच्याकडून पुन्हा पहिल्यापासून शिकल्या.

दसऱ्यानंतर गोदाम भरू लागलं. रजनीताईंनी मिस्त्रींना फोन केला. "दारांसमोर गाठी तर नाही रचल्या?"

"एक दार मोकळं हाये बाई. दुसऱ्यापुढं रचून ठेवल्या त्याईनं. म्या सांगतलं, हटवतो म्हणे."

त्या दिवशी त्यांनी साकेतला विचारलं, दारासमोरची मोकळी जागाही दाराला बांधता येते का, म्हणजे दार जाईल तिथे ती जाईल आणि तिच्यात काही आलं तर दिसेल. साकेत म्हणाला, कागदावर येते. त्यांनी ती बांधून घेतली, आणि पुढे ऑफिसातल्या प्रत्येक नकाशात दारासमोर त्या मोकळ्या जागेचा पिवळा चौकोन येऊ लागला.

आणि सोमवारी सुट्टी टाकून, गाठी खरंच हटवल्या का ते बघायला, त्या पुन्हा घाटंजीच्या एसटीत बसल्या.