सावरगाववालीचं घर

सौंसरहून बस सुटली आणि खिडकीतून संत्र्याच्या फुलांचा वास आला. शाळेत असताना, अशाच वासाच्या एका दुपारी मी बाबांबरोबर त्यांच्या पणजोबांचं घर शोधत हिंडले होते. तहसिलीतल्या जुन्या कागदांत पणजोबांचं नाव आणि गाव सापडलं होतं. पण त्या गावात ते नाव कोणालाच आठवेना.

ओट्यावर तुरी पाखडणाऱ्या म्हातारीनं विचारलं, “कोनाचं घर पाहून राहिले, भाऊ?”

बाबांनी नाव सांगितलं. तिनं नकारार्थी मान हलवली. निघता निघता बाबा म्हणाले, “त्यांची बायको सावरगावची होती म्हणतात.”

तिचं सूप थांबलं. “मंग सावरगाववालीचं घर म्हना ना! ते काय, निंबापाशी.”

तिथं जोत्याचे चार दगड उरले होते. बाबा चपला काढून त्यावर बसले, कितीतरी वेळ.

“तिचं नाव काय होतं?” मी म्हातारीला विचारलं.

“सुनेले कोन नावानं हाक मारते, माय?”

तेव्हा मी हसले होते. ते नाव कागदांत नाही, बाबांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून आज सावरगावला निघाले आहे. माहेरात तरी तिला कोणी सावरगाववाली म्हटलं नसेल.